कारखान्याच्या पाण्याचा ताळेबंद : आत किती आलं, गेलं कुठं?

जलमापक (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:५०

सतरा वर्षं मी कारखान्यांच्या सांडपाण्यावर काम करते आहे. आधी एका कापड प्रोसेसमध्ये (कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात), मग एका डिस्टिलरीत, आता पुन्हा कापडात. नदीत मासे मेले की वर्तमानपत्रात फोटो येतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक नमुने नेतात, आठ दिवस चर्चा होते. त्या चर्चेत सगळे एकच विचारतात, बीओडी किती आणि सीओडी किती, म्हणजे पाण्यातली घाण जिवाणूंनी कुजवायला आणि रसायनानं जाळायला किती प्राणवायू लागतो. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते एवढंच : रोज किती पाणी आत आलं, आणि ते गेलं कुठं?

दुकानदार रात्री गल्ला जुळवतो तसं कारखान्याचं पाणी जुळलं पाहिजे. समजा एका प्रोसेसमध्ये नळ, बोअर आणि टँकर मिळून दिवसाला ६०० घनमीटर पाणी येतं. (आकडे उदाहरणाचे आहेत, कुठल्या युनिटचे नाहीत.) त्यातलं ६० बॉयलरच्या वाफेत गेलं, ५० कापड सुकवताना आणि कूलिंग टॉवरवर उडालं, १५ संडास-कँटीनला, १० झाडांना. म्हणजे १३५ गेले. उरलेले ४६५ ईटीपीत, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या केंद्रात, यायलाच हवेत, त्यांना दुसरी वाट नाही. आता ईटीपीच्या रजिस्टरमध्ये २८० लिहिलेले असतील, तर १८५ घनमीटर रंगीत पाणी रोज कुठंतरी जातं आहे. शोषखड्ड्यात, बंद पडलेल्या बोअरमध्ये किंवा रात्री दोन वाजता ओढ्यात. आणि जे २८० साफ झाले त्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल अगदी उत्तम येतो. अहवाल खोटा नसतो. तो फक्त त्या २८० बद्दल बोलत असतो.

दुसरा पुरावा विजेचा. एरेशन टाकीत हवा सोडणारा ब्लोअर ३० एचपीचा असेल, तर तो साधारण २२ किलोवॅट घेतो. चोवीस तास चालला तर ५३० युनिटच्या आसपास. सबमीटरवर दिवसाला २०० युनिट दिसत असतील, तर ब्लोअर नऊ तास चालला. उरलेले पंधरा तास टाकीतले जिवाणू गुदमरत होते. ते मेले की पुन्हा वाढवायला शेण, गूळ, युरिया, डीएपी घालून पंधरा-वीस दिवस जातात. या काळात ईटीपी चालू दिसतो, पण करत काहीच नाही.

तिसरी गोष्ट पाणी घालण्याची. सीओडीची मर्यादा बहुतेक ठिकाणी २५० मिग्रॅ प्रतिलिटर. कुणाचं पाणी ५०० ला अडकलं, रोजचं २०० घनमीटर. त्यात तेवढंच साधं पाणी मिसळलं की ४०० घनमीटर झालं आणि आकडा २५० वर आला, पास. पण आधीही नदीत १०० किलो जात होते आणि आताही १०० किलोच जातात. वर २०० घनमीटर चांगलं पाणी वाया. म्हणून मी लिटरमागचा आकडा एकटा कधीच वाचत नाही, शेजारी दिवसाचे घनमीटर मागते.

ज्यांच्या गावाजवळ कारखाने आहेत त्यांनी हे वापरावं म्हणून लिहिलं. जे स्वतः ईटीपीवर काम करतात त्यांनी चुका दाखवाव्यात.

शिरोळचा शेतकरी | रविवार, रात्री ११:०५

ताई, दोनदा वाचलं. आमचं रान पंचगंगेच्या काठाला, खालच्या अंगाला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून प्रयाग चिखलीला ही नदी होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. मधल्या एवढ्याशा प्रवासात तिच्यात काय काय येतं ते आम्ही बघतो.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते, ती सांगतो. उन्हाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की नदी वाहती राहत नाही, तळ्यांची माळ होते. एकेका बंधाऱ्यामागं महिनाभर पाणी तुंबतं. त्यात वरून ओढ्याचं काळं पाणी येऊन बसतं. इचलकरंजीत तर एका ओढ्याचं नावच काळा ओढा आहे. मग कधीतरी बरगे काढतात आणि ते सगळं साचलेलं एकदम खाली येतं. मासे मरतात ते बहुतेक त्याच दिवशी. अधिकारी येतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तोवर पाणी पुढं गेलेलं असतं. नमुना येतो बरा.

खरं तेच बोलतो. आमच्या तालुक्यात क्षारपड जमीन आधीपासून आहे. ती उसाला पाणी जास्त पाजल्यानं आणि निचरा नसल्यानं झाली, तिचं सगळं खापर प्रोसेसवर फोडणं बरोबर नाही. पण मोटर सुरू केल्यावर पाटात फेस येतो आणि म्हसरं त्या पाण्याला तोंड लावत नाहीत, ते आमच्या जास्त पाण्यामुळं नव्हे.

दुसरं जास्त लागतं मनाला. इचलकरंजी शहराच्या उशाला नदी आहे. तरी शहराला प्यायला वारणेचं पाणी दानोळीहून न्यायचं ठरलं. दानोळीकर रस्त्यावर उतरले. मग दूधगंगेवरून सुळकुडातून न्यायचं ठरलं, तिथली गावंही उठली. सगळ्यांचं म्हणणं एकच, आधी तुमची पंचगंगा साफ करा. शहरातल्या बाया-माणसांची तहान खोटी नाही. पण वरची गावं चुकीचं बोलतात असं मला म्हणवत नाही.

प्रोसेसवाला | सोमवार, सकाळी ८:२०

मी मालक आहे. नाव सांगणार नाही, पण लपूनही बोलणार नाही. सत्तरेक कामगार आहेत.

जलमापकताईंनी लिहिलेलं सगळं खरं आहे. आता माझी बाजू ऐका. आमचं काम जॉबवर्क. व्यापाऱ्याचं ग्रे (न रंगवलेलं) कापड येतं, मीटरवर दर ठरतो. शेजारचा दहा पैशांनी खाली आला की ट्रक तिकडं वळतो. ईटीपीला वीज लागते, चुना लागतो, गाळ बसवायला अ‍ॅलम, पॉली ही रसायनं, शिवाय फिल्टर प्रेसमधून निघालेला गाळ घातक कचरा म्हणून रांजणगाव नाही तर तळोज्याला पाठवायचा, त्याचं भाडं आणि वजनावर पैसे. जो ईटीपी चोवीस तास चालवतो त्याचा दर वर राहतो. जो रात्री बंद करतो त्याचा दर खाली. म्हणजे इमानदारीनं वागणाऱ्याचं गिऱ्हाईक बेइमान पळवतो. तीन वर्षं मी तोटा सोसून पूर्ण चालवला. चौथ्या वर्षी काय केलं ते इथं लिहायची मला लाज वाटते.

मला नियम नको असं नाही. मला नियम सगळ्यांना एकाच दिवशी हवा. एकाला नोटीस, दुसऱ्याला मुदत, तिसऱ्याकडं कुणी फिरकतच नाही, यात माझ्यासारखा बुडतो.

जलमापक | सोमवार, दुपारी १:४०

दादा, तुम्ही हे उघड लिहिलंत याचं मला फार मोल वाटतं. मालकाच्या तोंडून हे मी सतरा वर्षांत दोनदाच ऐकलं आहे.

एक मात्र म्हणेन. खर्चाचा हिशेब ईटीपीच्या दारात सुरू होतो, तो मशीनपाशी सुरू व्हायला हवा. विंच या रंगाईच्या जुन्या मशीनवर किलोभर कापडाला एका बाथला (मशीन एकदा भरायला) वीस लिटर पाणी लागतं. सॉफ्ट फ्लो या नव्या मशीनवर सहा-सात. मीठ, सोडा लिटरमागे मोजून घालतात, म्हणजे पाणी कमी झालं की तेही कमी. धुण्याच्या टाक्या एकामागे एक लावून शेवटच्या टाकीचं जवळजवळ स्वच्छ पाणी आधीच्या टाकीत उलटं फिरवलं तर धुण्याचं पाणी बरंच वाचतं. मर्सरायझिंगचा (कापडाला चमक आणायच्या प्रक्रियेचा) कॉस्टिक सोडा परत मिळवता येतो. वाफेचं कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, बॉयलरला परत गेलं तर पाणीही वाचतं आणि सरपणही. जे पाणी आत आलंच नाही ते साफही करावं लागत नाही. मी ज्या युनिटमध्ये आहे तिथं आम्ही ईटीपीला हात लावायच्या आधी सहा महिने फक्त मीटर बसवले, प्रत्येक मशीनला वेगळा. रात्रपाळीत एक रबरी पाइप कुणी बंदच करत नाही, एवढं त्यातून कळलं. तो पाइप दिवसाला एका टँकरएवढं पाणी खात होता.

मोटार वाइंडिंग | सोमवार, दुपारी ३:१५

एक दुरुस्ती. ३० एचपीची मोटर पूर्ण लोडवर चालेलच असं नाही. पाऊण लोडवर दिवसाचे ४०० युनिटही योग्य असू शकतात, आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवला असेल तर आणखी कमी. फक्त युनिटवरून 'बंद ठेवला' असा आरोप करू नये.

जलमापक | सोमवार, दुपारी ३:५०

मान्य. म्हणून ब्लोअरला तास मोजणारा मीटर वेगळा हवा. युनिट, तास आणि टाकीतला विरघळलेला प्राणवायू, तिन्ही शेजारी ठेवून बघायचे. टाकीत दोन मिग्रॅच्या आसपास प्राणवायू टिकत असेल तर युनिट कमी असले तरी माझी तक्रार नाही.

नोय्यलकाठी | सोमवार, रात्री १०:३०

मूळचा सांगलीचा, तेरा वर्षं तिरुपूरमध्ये डाइंगमध्ये आहे. प्रोसेसवाले दादा म्हणतात तो 'सगळ्यांना एकाच दिवशी' नियम इथं खरंच लागला, म्हणून लिहितो.

इथली नदी नोय्यल. बनियन-टीशर्टचा धंदा वाढला तशी डाइंग युनिटं वाढली, आणि सगळ्यांचं पाणी नदीत. खाली ओरत्तुपाळयम नावाचं धरण आहे, १९९२ मध्ये सिंचनासाठी बांधलेलं. काही वर्षांतच ती सांडपाण्याची टाकी झाली. धरण भरलेलं, आणि खालचे शेतकरी म्हणतात आम्हाला हे पाणी नको. ज्या माणसानं धरणासाठी जमीन दिली त्यालाच त्या धरणाचं पाणी शेतात घ्यायची भीती. तेच शेतकरी संघटित होऊन कोर्टात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. शेवटी २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयानं सगळी डाइंग युनिटं आणि सामायिक प्रक्रिया केंद्रं बंद करायला लावली. लहानमोठं कुणी सुटलं नाही.

तेव्हा मी इथं नव्हतो, पण जुने कामगार सांगतात, गाव सुनं पडलं होतं. काम लुधियानाला गेलं, काही लपूनछपून आजूबाजूच्या जिल्ह्यांत गेलं. मग सरकारनं बिनव्याजी कर्ज दिलं आणि एक थेंबही बाहेर न सोडायच्या अटीवर केंद्रं पुन्हा उभी राहिली. आता पाणी आधी जिवाणूंनी साफ होतं, मग आरओमधून जातं, आरओचं नकोसं खारट पाणी उकळून आटवतात. खारं पाणी काही अंशी परत रंगाईलाच वापरतात, कारण रंगाईला मीठ लागतंच. नळाचं पाणी आम्ही फार थोडं घेतो.

पण हे सगळं गोड नाही. आटवायला वाफ लागते, वाफेला लाकूड किंवा कोळसा. आणि तळाशी उरतं ते मिश्र मीठ, सोडियम सल्फेट, क्लोराइड, उरलेला रंग. त्याला गिऱ्हाईक नाही. शेडमध्ये पोत्यांच्या थप्प्या आहेत. नदीतलं मीठ आम्ही शेडमध्ये आणून ठेवलं, एवढंच झालं असं कधी कधी वाटतं. तरीही नदीपेक्षा शेड बरी, हे मी ठामपणे म्हणतो. शेडला कुलूप लावता येतं.

लेखाजोखा | मंगळवार, सकाळी ९:१०

मी हिशेबतपासनीस आहे, रसायनातलं काही कळत नाही. पण 'आवक वजा जावक बरोबर शिल्लक' मला कळतं, म्हणून धागा धरून बसलो आहे. प्रश्न असा की बाहेरच्या माणसाला आवक कळणार कशी? कारखाना रजिस्टर दाखवणार नाही.

जलमापक | मंगळवार, दुपारी १२:३०

तीन कागद आहेत आणि तिन्ही सरकारदरबारी असतात.

पहिला म्हणजे मंडळाची संमती, कारखान्यात 'कन्सेंट' म्हणतात ती. १९७४ च्या जल कायद्याखाली सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला ती घ्यावीच लागते. तिच्यात पाणी किती वापरायचं, सांडपाणी किती आणि कुठं सोडायचं, सगळे आकडे असतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर संमतीपत्रं पाहायला मिळतात.

दुसरा 'फॉर्म पाच', म्हणजे पर्यावरण विवरणपत्र. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचं असतं. त्यात प्रक्रियेला, कूलिंगला आणि घरगुती वापराला दिवसाला किती घनमीटर पाणी गेलं ते लिहायचं, आणि प्रत्येक उत्पादनामागे पाणी किती लागलं ते गेल्या वर्षीशी तुलना करून लिहायचं. हा कागद फार कमी लोक वाचतात. मला कुठल्याही कारखान्याबद्दल काही जाणून घ्यायचं असलं की आधी मी हाच शोधते.

तिसरं पाणीपुरवठ्याचं बिल. एमआयडीसी, नगरपालिका किंवा पाटबंधारे खातं, यांपैकी कुणीतरी मोजून पाणी देत असतं. माहितीच्या अधिकारात बिलाचे आकडे मागता येतात. फॉर्म पाचमधला आकडा आणि बिलातला आकडा शेजारी मांडा. तुमच्याच धंद्यातलं काम आहे, तुम्ही माझ्यापेक्षा लवकर पकडाल.

यात बोअर आणि टँकर सुटतात. तीच खरी मोठी भगदाडं आहेत. टँकर मोजायला मला आजवर एकच खात्रीचा उपाय सापडला आहे : फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून मोजणं.

खाडीकर | मंगळवार, दुपारी ४:००

कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या खाली आमची खाडी आहे. आजोबा पाग टाकायचे, वडील टाकायचे, मी मुंबईत नोकरी करतो. भरती-ओहोटीच्या पाण्यात हा ताळेबंद कसा लावायचा? ओहोटीला सोडलं की दोन तासांत समुद्रात. आमच्याकडं पुरावा म्हणून फक्त जाळ्यात येणारी मेलेली बोयटं असतात.

जलमापक | मंगळवार, रात्री ९:२०

खाडीत शोधण्यापेक्षा पाइपच्या तोंडाशी शोधा. सामायिक प्रक्रिया केंद्राला, म्हणजे सीईटीपीला, सदस्य कारखान्यांनी किती पाणी पाठवलं आणि केंद्रानं किती बाहेर सोडलं, हेही जुळायला लागतं. आणि गाळ विचारा. खरोखर साफ झालेल्या पाण्यातून गाळ निघतोच. वर्षभरात किती टन गाळ घातक कचऱ्याच्या जागेवर पोचला, त्याची पावती प्रत्येक ट्रकमागे असते. पाणी भरपूर आणि गाळ नाही, असं निसर्गात होत नाही.

मळीची वाट | मंगळवार, रात्री ११:४५

साखरपट्ट्यातला आहे. धागा कापडावरच चालला आहे. ताई डिस्टिलरीत होत्या असं म्हणाल्या, त्यावर लिहा. आमच्या ओढ्याला मळीमिश्रित पाणी आलं की दोन-दोन दिवस दारं-खिडक्या लावून बसतो.

जलमापक | बुधवार, रात्री १०:१५

लिहिते. या विषयावर मला झोप लागत नाही असे दिवस होते.

आधी साखर. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. दिवसाला ५००० टन गाळणाऱ्या कारखान्यात रोज साडेतीन हजार टन पाणी उसाच्या पोटातूनच येतं. रस आटवला की ते वाफ होऊन सुटतं, थंड केलं की गरम कंडेन्सेट हातात येतं. नीट चालवलेल्या साखर कारखान्याला नदीचं पाणी फारसं लागायलाच नको. जानेवारी २०१६ च्या केंद्राच्या नियमानं टनामागे २०० लिटरच सांडपाणी सोडायला परवानगी आहे, आणि त्यातही निम्मं कूलिंगच्या बाजूचं. तरीही कारखाना नदीवर मोटरी लावतो, तेव्हा ते पाणी कुठं वाया जातंय हे विचारायला हवं. गळके पंप सील, फरशी धुणं, कूलिंग तळ्याचं ओसंडणं, याच जागा.

डिस्टिलरीचं गणित वेगळंच आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेला द्रव, निघतो. काळा, गरम, आंबट. त्याची बीओडी ४०-५० हजार मिग्रॅ प्रतिलिटर असते. नदीत अंघोळीयोग्य पाण्याला मर्यादा तीन. दिवसाला ३० हजार लिटरची छोटी डिस्टिलरी धरा, लिटरमागे दहा लिटर, म्हणजे तीन लाख लिटर स्पेंटवॉश. ४५ हजारानं गुणलं तर रोजचे साडेतेरा हजार किलो बीओडी. एका माणसाच्या मैलापाण्याची बीओडी दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे ही एक छोटी डिस्टिलरी सुमारे तीन लाख माणसांच्या शहराएवढा बोजा निर्माण करते. आता इथेनॉलसाठी सगळीकडं क्षमता वाढते आहे, तेव्हा हा गुणाकार प्रत्येकानं एकदा आपल्या हातानं करावा.

म्हणून स्पेंटवॉश साफ करून नदीत सोडणं हा पर्यायच नाही. आधी बंद टाकीत कुजवून बायोगॅस काढायचा, मग प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर) शिंपडून कंपोस्ट करायचं, नाहीतर आटवून बॉयलरमध्ये जाळायचा. जाळल्यावर राखेत पोटॅश मिळतं. कंपोस्टचं यार्ड पक्कं हवं आणि पावसाळ्यात ते काम बंद ठेवायला लागतं. मग पावसाळ्याआधी साठवणीचे लगून (तळी) रिकामे करायची घाई होते. वळवाच्या पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री कोण काय सोडतं, हे ओढ्याकाठच्या गावांना सांगायला नको. मी ज्या ठिकाणी होते तिथं एका जूनमध्ये लगूनचा बांध 'आपोआप' फुटल्याचं रजिस्टरमध्ये लिहायला सांगितलं गेलं. मी लिहिलं नाही. तीन महिन्यांनी मी तिथं नव्हते.

२०१४ पासून डिस्टिलरी आणि साखरेसह १७ प्रकारच्या उद्योगांना पाण्याचे सेन्सर लावून आकडे थेट मंडळाला पाठवायला सांगितलं आहे. चांगलंच आहे. पण सेन्सर जिथं बुडवलेला आहे तिथलंच पाणी तो वाचतो, मग ते बादलीतलं का असेना. कापड प्रोसेस त्या १७ मध्ये नाही, हेही लक्षात असू द्या.

मळीची वाट | बुधवार, रात्री ११:००

तीन लाख माणसं. आमच्या गावाची वस्ती साडेचार हजार आहे.

दुष्काळी | गुरुवार, सकाळी ७:३५

लातूरहून. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी आली तेव्हा स्टेशनवर गेलो होतो. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि मग साठ टक्क्यांनी कापायला लावलं. ही गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली, हे मी विसरलेलो नाही. मराठवाड्यात कारखान्यांच्या पाण्याची चर्चा सांडपाण्यापर्यंत पोचतच नाही, आवकेपाशीच अडकते. इथं वाहती नदीच नाही जिच्यात सोडावं, म्हणून जमिनीत जातं.

बावड्याची | गुरुवार, दुपारी २:००

कोल्हापुरात राहते. सगळं कारखान्यांवर ढकलू नका, शहरांचं काय? जयंती नाला, दुधाळी नाला वर्षानुवर्षं नदीत जात होते. कसबा बावड्याला मैलापाणी साफ करायचं ७६ एमएलडीचं (दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं) केंद्र झालं तरी पावसात नाले ओसंडतातच. आणि २०१२ ला इचलकरंजीत काविळीची एवढी मोठी साथ आली, तो विषाणू कापडाच्या रंगातून आला नव्हता. तो मैलापाण्यातून येतो. आपलंच पाणी आपल्याला परत मिळालं.

माझं म्हणणं, ही दोन पाणी जोडा. नागपूरला भांडेवाडीचं शुद्ध केलेलं मैलापाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. चेंबूरची आरसीएफ ही खत कंपनी मुंबईचं मैलापाणी साफ करून वापरते. कारखान्यानं नदी आणि बोअर सोडून शहराचं साफ केलेलं पाणी घ्यावं. कूलिंगला आणि बॉयलरला काय गंगाजल लागतं?

प्रोसेसवाला | गुरुवार, रात्री ९:००

आम्ही घेऊ, पण एक अडचण आहे. रंगाईला पाण्याचा जडपणा आणि लोह कमी लागतं. फिका रंग असेल तर जरा फरक पडला की लॉट नापास. पाणी रोज एकसारखं मिळेल ही हमी कुणी लेखी देणार असेल तर टँकरपेक्षा स्वस्त पडेल, हे मी आजच सांगतो.

आणि तिरुपूरवाल्या दादांचं वाचून दोन रात्री विचार केला. आमच्या इथं तसं झालं तर मी पहिल्या महिन्यात बंद पडेन, कर्ज आहे. तरी झालं तर झालं. निदान शेजारचाही त्याच दिवशी बंद पडेल.

पहिलं वर्ष | शुक्रवार, दुपारी ४:१०

मी एमएस्सी पर्यावरणशास्त्र पहिल्या वर्षाला आहे. शिरोळच्या काकांनी लिहिलंय की नमुना घेईपर्यंत पाणी पुढं जातं. गावकऱ्यांनी स्वतः काही मोजता येईल का? मंडळाचा नमुनाच कायद्यात चालतो असं आम्हाला शिकवतात.

जलमापक | शुक्रवार, रात्री ८:४५

बरोबर शिकवतात. कलम २१ प्रमाणे रीतसर नोटीस देऊन, सीलबंद करून घेतलेला नमुनाच न्यायालयात टिकतो. पण गावानं मोजलेलं वाया जात नाही. अधिकाऱ्याला कुठं आणि किती वाजता बोलवायचं ते त्यावरून ठरतं.

विरघळलेला प्राणवायू मोजा. पहाटे, उजाडायच्या आत. रात्रभर शेवाळंही प्राणवायू खातं, त्यामुळं पहाटे तो सगळ्यात कमी असतो, दुपारी मोजलं तर नदी बरी दिसते. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विंकलरच्या पद्धतीचं सामान असेलच. काचेच्या झाकणाची ३०० मिलीची बाटली पाण्याखाली धरून भरायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग दोन मिली मँगनीज सल्फेट आणि दोन मिली अल्कली आयोडाइड अझाइड, दोन्ही पिपेटनं पाण्याच्या पातळीखाली सोडायचं, झाकण लावायचं, उलटसुलट करायचं. हातमोजे घाला, दुसरं द्रावण कातडी जाळतं आणि विषारीही आहे. पुढचं टायट्रेशन कॉलेजात करता येईल, पण काठावरच एक गोष्ट डोळ्यांना दिसते. साका तपकिरी आला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाही.

ओढा मिळतो त्याच्या वर एक बाटली आणि खाली एक. तारीख, वेळ, जागा लिहा. साक्षीला दोन माणसं न्या.

शिरोळचा शेतकरी | शुक्रवार, रात्री ९:३०

बाळ, कुठल्या कॉलेजात आहेस ते निरोपात कळव. गाडी मी आणतो. पोहणारं एक पोरगं बरोबर घेतो, काठ निसरडा आहे.

पहिलं वर्ष | रविवार, सकाळी ९:१५

जाऊन आलो. सरांनी परवानगी दिली, ते स्वतःही आले. पहाटे ५:२० ला वरच्या अंगाची बाटली, ५:५० ला खालच्या अंगाची. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन बाटल्या भरल्या.

वरच्या दोन्ही तपकिरी.

शिरोळचा शेतकरी | रविवार, सकाळी ९:२२

खालच्या दोन्ही पांढऱ्या. मी स्वतः बाटली हातात धरून बघितली. उद्या पहाटे पुन्हा जातोय. परवाच्या दिवशी मंडळाच्या साहेबांना साडेपाचला बोलवलंय, येतो म्हणालेत.